वाचाविकास, बालकांचा

बालक भोवतालची भाषा ऐकून ती समजू लागते, तीतील ध्वनींचे अनुकरण करू लागते आणि क्रमाक्रमाने शब्द व वाक्ये यांच्या द्वारे आपला आशय व्यक्त करू लागते, या प्रक्रियेस वाचाविकास म्हणतात. जन्मापासून सुरू होणाऱ्या या विकासाचा पाया साधारणपणे वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत घातला जातो. पहिली तीन वर्षे त्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असतात. व्यवहारात ‘बोलणे’ या एकाच शब्दात तीन भिन्न गोष्टी सामावल्या जातात. ऐकलेल्याचा अर्थ कळणे व मनातला अर्थ शब्दांत मांडता येणे ही भाषा. ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र इ. अवयवांच्या सुसूत्र हालचालींनी ध्वनी निर्माण करणे हा उच्चार. आणि नजर, हावभाव, हुंकार यांसह दुसऱ्याशी संपर्क साधणे हे संप्रेषण होय. मूल उशिरा बोलते तेव्हा या तिन्हींपैकी नेमके काय मागे पडले आहे, हे पाहावे लागते. कारण त्यावरच काळजी करावी की वाट पाहावी, याचा निर्णय अवलंबून असतो.

वाचाविकासाचा मूलभूत क्रम सर्व समाजांत सारखाच असला, तरी तो लवकर ओळखणे व त्यातील अडथळा दूर करणे हे त्या त्या प्रदेशातील बोली, कुटुंबपद्धती व आरोग्यव्यवस्था यांवर अवलंबून असते. म्हणून पुढील विवेचनात महाराष्ट्रातील परिस्थितीचे उदाहरण म्हणून वर्धा जिल्ह्याचा विचार केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सु. १३ लक्ष लोकसंख्येच्या या जिल्ह्यात सु. दोन-तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. घरांतून वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, बाजारात हिंदी आणि काही वस्त्यांत गोंडी व कोलामी या भाषा मुलांच्या कानावर पडतात. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली दोन मोठी रुग्णालयेही या जिल्ह्यात आहेत.

श्रवणाचे स्थान : मूल बोलायला शिकते ते ऐकून, ही गोष्ट फार पूर्वीपासून लोकांच्या लक्षात आली होती. अबुल फज्लच्या अकबरनाम्यात अकबराने केलेल्या एका प्रयोगाची हकिकत आहे. काही तान्ही मुले एका स्वतंत्र वाड्यात ठेवून त्यांच्या दायांना त्यांच्याशी न बोलण्याची ताकीद देण्यात आली. १५८२ मध्ये बादशहाने त्या वाड्यास भेट दिली, तेव्हा मुलांच्या तोंडून मुक्या माणसांसारख्या आवाजांखेरीज काहीच निघाले नाही. हा प्रयोग क्रूर होता; परंतु मुलाच्या कानावर भाषा पडली नाही, तर वाचा आपोआप उमलत नाही, हे त्यावरून दिसून आले. पूर्ण बहिऱ्या मुलाची स्थिती, उपचार न मिळाल्यास, अशीच होते. फरक एवढाच, की त्याच्या भोवती माणसे बोलत असतात आणि त्यामुळे त्याला ऐकू येत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आधुनिक संशोधनाने या निरीक्षणाला पुष्टी दिली आहे. गर्भाचे कान जन्मापूर्वी काही आठवडे कार्यक्षम झालेले असतात आणि नवजात अर्भक आईचा आवाज इतरांच्या आवाजातून ओळखते. कॅनडात झालेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वर्कर व टीस यांना असे आढळले, की हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांमधील भेद इंग्रजी भाषक घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या अर्भकांना कळतो. पण त्यांच्या भाषेत हा भेद नसल्यामुळे १० ते १२ महिन्यांच्या सुमारास ती क्षमता बरीचशी लोपते. म्हणजेच पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच मूल आपल्या भाषेच्या ध्वनींची निवड करून ठेवत असते. जे वर्ष पालकांना ‘न बोलण्याचे’ वाटते, ते वस्तुतः ऐकण्याच्या शिक्षणाचे वर्ष असते.

विकासाचे टप्पे : पुढे दिलेली वये सरासरीची आहेत. निरोगी मुलांमध्येही काही महिन्यांचा फरक आढळतो.

जन्मापासून ६ महिने : नवजात अर्भक मोठ्या आवाजाने दचकते. २ ते ३ महिन्यांचे मूल ओळखीच्या आवाजाने शांत होते, चेहऱ्याकडे पाहून हसते आणि ‘अ’, ‘उ’ यांसारखे स्वर घोळवते. ४ ते ६ महिन्यांत ते आवाजाच्या दिशेने मान वळवू लागते आणि आपलाच आवाज उंच-नीच करून त्याच्याशी खेळते.

६ ते १२ महिने : या काळात व्यंजन व स्वर जोडून ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू होते. ओठांनी व दातांजवळ उच्चारले जाणारे ध्वनी सोपे असल्याने ते प्रथम येतात. आई, बाबा, दादा, मामा, काका यांसारखे नात्यांचे शब्द अनेक भाषांत साधे व द्विरुक्त असण्याचे हे एक कारण मानले जाते. सु. ९ महिन्यांचे मूल स्वतःच्या नावाला प्रतिसाद देते आणि ‘नको’ म्हटल्यास क्षणभर थांबते. १२ महिन्यांच्या सुमारास ते बोटाने वस्तू दाखवते, टाटा करते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखविणे आणि केवळ दुसऱ्यानेही पाहावे म्हणून आकाशातला चांदोमामा दाखविणे, यांतील दुसरी कृती संप्रेषणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असते.

१२ ते २४ महिने : प्रारंभी शब्दसंग्रह सावकाश वाढतो. मराठी घरांत मोठी माणसे मुलांशी बोलताना वापरतात ते मंमं, जोजो, भूर, हम्मा, माऊ, चिऊ, काऊ हे शब्द मुलांच्या पहिल्या शब्दांत हमखास आढळतात. हे शब्द ‘अशुद्ध’ म्हणून टाळण्याचे कारण नाही. उच्चारास सोपे व कृतीशी जोडलेले असल्यामुळे ते भाषेची पहिली पायरी ठरतात. दीड वर्षाचे मूल बोलते त्याहून कितीतरी अधिक शब्द समजते. ‘चप्पल आण’ यासारखी साधी सूचना ते हातवाऱ्याशिवाय पाळते. २ वर्षांच्या सुमारास ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची वाक्ये सुरू होतात. या वयापर्यंत शब्दसंग्रह ५० च्या आसपास जाणे अपेक्षित असते, असे बहुतेक ग्रंथांत नमूद केलेले असते. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचीत हाच आकडा ३० महिन्यांच्या वयाला दिला आहे. याचे कारण मापनपद्धतीतील फरक हे होय. पूर्वीच्या सूचींत निम्म्या मुलांनी गाठलेले वय धरले जाई, तर नव्या सूचीत तीन-चतुर्थांश मुलांनी गाठलेले वय धरले आहे. दोन शब्द जोडण्याचे वय मात्र दोन्हींत २ वर्षे हेच आहे.

२ ते ५ वर्षे : तिसऱ्या वर्षात तीन-चार शब्दांची वाक्ये येतात, ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्न सुरू होतात आणि विभक्तिप्रत्यय, लिंग व वचन यांचा वापर दिसू लागतो. या काळातील चुका भाषा शिकत असल्याची खूण असतात. आईचे बोलणे ऐकून मुलगा ‘मी जाते’ म्हणतो. ‘खाल्ले’ ऐवजी ‘खाले’, ‘प्यायलो’ ऐवजी ‘पिलो’ अशी रूपे नियमाच्या ओघाने तयार करतो. ३ वर्षांच्या मुलाचे बोलणे अनोळखी माणसाला तीन-चतुर्थांश तरी समजावे आणि ४ वर्षांपर्यंत ते जवळजवळ पूर्ण कळावे, अशी अपेक्षा असते. ‘काका’ चे ‘ताता’, ‘राम’ चा ‘लाम’, ‘साखर’ ची ‘ताखल’ हे बोबडे उच्चार या वयात सामान्य असून ‘र’, ‘श’, ‘ष’ व जोडाक्षरे सर्वांत शेवटी स्थिरावतात. २ ते ५ वर्षांच्या दरम्यान मनात विचार वेगाने येतात व शब्द मागे राहतात, त्यामुळे काही मुले अडखळत बोलतात. असे अडखळणे बहुधा आपोआप थांबते. ते सहा महिन्यांहून अधिक टिकले किंवा बोलताना मूल चेहरा ताणू लागले, तर सल्ला घेणे योग्य ठरते.

बोली व द्विभाषिकता : प्रमाण मराठीच्या मापाने बोलीभाषक मुलाचे मोजमाप केल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात. वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ घरांत ‘ळ’ च्या जागी ‘य’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ उच्चारला जातो. तेथे ‘डोळा’ हा ‘डोया’ असतो, ‘काळा’ हा ‘काया’ असतो आणि ‘मला पाणी दे’ हे वाक्य ‘मले पानी दे’ असे बोलले जाते. अशा घरातील तीन वर्षांचे मूल ‘डोया’ म्हणते, तेव्हा ते आपल्या आईच्या भाषेतील शब्द अचूक उच्चारीत असते. तो वाचादोष नव्हे. घरातील मोठी माणसे जसा उच्चार करतात तसा मूल करते काय, हाच प्रश्न तपासणाऱ्याने विचारावयाचा असतो. बोली न जाणणाऱ्या तपासनीसाने त्यासाठी आईचे किंवा आजीचे बोलणे ऐकून मग मुलाचे ऐकावे.

दोन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळते व उशिरा बोलते, हा समजही निराधार आहे. घरी गोंडी व अंगणवाडीत मराठी, किंवा घरी मराठी व शेजारी हिंदी ऐकणारे मूल काही काळ दोन्ही भाषांचे शब्द एकाच वाक्यात मिसळते. परंतु विकासाचे मुख्य टप्पे ते साधारणपणे त्याच वयात गाठते. अशा मुलाचा शब्दसंग्रह मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात. खरोखरीचा विलंब असल्यास तो दोन्ही भाषांत दिसतो, केवळ एका भाषेत नव्हे. म्हणून बोलण्यास उशीर होत आहे एवढ्यावरून घरची भाषा सोडण्याचा सल्ला देऊ नये. त्यामुळे मूल ज्या भाषेत माणसे त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात, त्याच भाषेला मुकते.

काळजीची लक्षणे : उशिरा बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांपैकी अनेक मुले पुढील एक-दोन वर्षांत बरोबरीच्या मुलांना गाठतात. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात आणि काही कुटुंबांत उशिरा बोलण्याची प्रवृत्ती आढळते. ‘बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य त्यामुळे पुष्कळदा खरे ठरते. मात्र कोणते मूल आपोआप बोलू लागेल आणि कोणते नाही, हे केवळ न बोलण्यावरून सांगता येत नाही. समज, श्रवण व हावभाव यांवरून ते अधिक चांगले कळते. जे मूल सांगितलेले समजते, आवाजाकडे वळते, बोटाने दाखवते व डोळ्याला डोळा देऊन खेळते, परंतु शब्द थोडे वापरते, त्याच्याबाबत आशा बाळगण्यास आधार असतो. जे मूल समजतही नाही किंवा नावाने हाक मारल्यास वळत नाही, त्याच्याबाबत वाट पाहणे धोक्याचे असते.

पुढील लक्षणांपैकी एकही आढळल्यास मुलाची तपासणी लांबणीवर टाकू नये : (१) कोणत्याही वयात मोठ्या आवाजाला प्रतिसाद नसणे, (२) ६ महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने न वळणे, (३) ९ ते १० महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’ सारखी बडबड सुरू न होणे, किंवा सुरू झालेली बडबड कमी होत जाणे, (४) १२ महिन्यांपर्यंत बोटाने न दाखविणे, टाटा न करणे, नावाला प्रतिसाद न देणे, (५) १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, (६) २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून केलेले दोन शब्दांचे वाक्य नसणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणणे यात धरत नाहीत, (७) ३ वर्षांच्या वयात घरच्यांनाही बोलणे न कळणे, (८) कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा माणसांशी असलेला संपर्क गमावणे. यांतील शेवटचे लक्षण सर्वांत गंभीर मानले जाते.

कारणे : श्रवणदोष हे वाचाविकास खुंटण्याचे सर्वप्रथम तपासावयाचे कारण होय. दर हजारी सु. १ ते ३ अर्भके लक्षणीय श्रवणदोषासह जन्माला येतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आनुवंशिकता, आते-मामे भावंडांतील किंवा अन्य निकटच्या नात्यातील विवाह, गर्भारपणात आईला झालेला रुबेला अर्थात जर्मन गोवर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच न रडणे, नवजाताची तीव्र कावीळ, मस्तिष्कावरणशोथ आणि जेंटामायसिनासारख्या काही औषधांचे दुष्परिणाम ही त्याची प्रमुख कारणे आहेत. यांपैकी रुबेला लसीने टाळता येतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये राबविण्यात आली. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत मध्यकर्णात द्रव साठून किंवा कान फुटून श्रवण कमीजास्त होते. हा दोष सौम्य असला, तरी ऐन भाषा शिकण्याच्या वयात तो बाधक ठरू शकतो.

अन्य कारणांत बौद्धिक विकासातील मंदत्व, स्वमग्नता, मेंदूला इजा झाल्यामुळे येणारा स्नायूंचा लुळेपणा वा ताठरता, अवटू ग्रंथीच्या स्रावाची जन्मजात न्यूनता, फाटलेला टाळू आणि अन्य कोणताही दोष नसताना केवळ भाषाच मागे पडणे यांचा समावेश होतो. स्वमग्नतेत शब्दांपेक्षा संप्रेषण आधी बाधित होते. मूल नजर देत नाही, दाखवत नाही, दुसऱ्याचा हात धरून वस्तूकडे नेते व एकाच खेळात गुंतून राहते. फाटलेल्या टाळूत नाकातून हवा निसटल्याने उच्चार अस्पष्ट होतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास ते बरेच सुधारतात.

श्रवणदोष लपून का राहतो : अनेक बहिऱ्या मुलांचे निदान २ ते ३ वर्षांच्या वयात होते, याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की बहिरे मूलही पहिल्या काही महिन्यांत इतर मुलांसारखेच हुंकार देते, हसते व आवाज काढते. व्यंजनयुक्त बडबड मात्र त्याच्यात उशिरा येते किंवा क्षीण राहते. तोपर्यंत घरच्यांची खात्री झालेली असते. दुसरे असे, की घरात केली जाणारी परीक्षा फसवी असते. पाठीमागे थाळी वाजविली वा दार आपटले, की मूल वळते. पण ते कंपनामुळे, सावलीच्या हालचालीमुळे किंवा शिल्लक असलेल्या अल्प श्रवणामुळेही वळू शकते. ढोल ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखे उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येत नसतील, तर त्याला बोललेले शब्द अर्धवटच मिळतात. त्यामुळे ‘आवाजाला वळतो, म्हणून कान चांगले आहेत’ हा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

तपासणी : श्रवणमापनासाठी मूल बोलण्याइतके मोठे व्हावे लागते, हा समज चुकीचा आहे. नवजात अर्भकाच्या कानात बारीक ध्वनी सोडून अंतःकर्णातून परतणारा प्रतिध्वनी टिपण्याची चाचणी काही मिनिटांत होते; ती ओएई या नावाने ओळखली जाते. ध्वनीमुळे श्रवणचेता व मस्तिष्कस्तंभात उठणारे विद्युत्‌ संकेत टिपण्याची बेरा ही चाचणी झोपलेल्या मुलावर करता येते. दोन्ही चाचण्यांत वेदना नसते. १ महिन्यापर्यंत प्राथमिक चाचणी, ३ महिन्यांपर्यंत निश्चित निदान व ६ महिन्यांपर्यंत उपचारास आरंभ, हे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले आहे. अमेरिकेत कोलोरॅडो येथे झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६ महिन्यांच्या आत निदान झालेल्या श्रवणबाधित मुलांची भाषा नंतर निदान झालेल्या मुलांपेक्षा लक्षणीयपणे चांगली असल्याचे दिसून आले. श्रवणाची चाचणी झाल्यावर बालरोगतज्ञ मुलाचा एकूण विकास पाहतात आणि वाचोपचारतज्ञ त्याची समज, शब्दसंग्रह, खेळ व उच्चार यांची नोंद करतात.

उपचार : उपचार कारणानुसार ठरतात. श्रवणदोषात श्रवणयंत्र काही महिन्यांच्या मुलालाही लावता येते. यंत्राचा उपयोग होत नसेल इतका तीव्र दोष असल्यास अंतःकर्णात विद्युत्‌ अग्रे बसविण्याची, कॉक्लिअर इंप्लांट या नावाने परिचित असलेली शस्त्रक्रिया करतात. ती पहिल्या काही वर्षांत झाल्यास अधिक फलदायी ठरते. केंद्र शासनाच्या दिव्यांग साहाय्य योजनेखाली २०१४ पासून या शस्त्रक्रियेसाठी बालकांना आर्थिक मदत दिली जाते व मुंबई येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी मुख्य संस्था आहे. शस्त्रक्रियेने ऐकू येऊ लागते, पण त्या ध्वनींचा अर्थ लावण्यास पुढे दीर्घकाळ श्रवणशिक्षण द्यावे लागते. ते सोडून दिल्यास शस्त्रक्रियेचा हेतू साधत नाही. काही मुलांसाठी खुणांची भाषा हे संप्रेषणाचे समर्थ साधन असते. इतर कारणांमुळे मागे पडलेल्या मुलांत खेळातून दिलेले भाषाशिक्षण उपयोगी पडते. आठवड्यातून एखादा तास तज्ञाकडे गेल्याने जेवढे साधते, त्याहून तज्ञाने शिकविलेली पद्धत पालकांनी रोजच्या व्यवहारात वापरल्याने अधिक साधते.

रूढ समजुती : मूल बोलावे म्हणून वेखंड उगाळून जिभेवर चोळणे, मध चाटविणे, जिभेखालची दोरी कापून घेणे इ. उपाय ग्रामीण व नागरी दोन्ही समाजांत केले जातात. वेखंडाने वाचा येते यास शास्त्रीय आधार नाही आणि तान्ह्या मुलास ते अपायकारक ठरू शकते. एक वर्षाखालील मुलास मध दिल्यास त्यातील जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम हा विषारजन्य विकार होण्याचा धोका असतो. जिभेखालची दोरी आखूड असल्यास स्तनपानात व क्वचित काही उच्चारांत अडचण येते. परंतु त्यामुळे मूल मुळीच बोलत नाही, असे होत नाही. या उपायांचा मोठा तोटा असा, की त्यांत महत्त्वाचे महिने निघून जातात.

घरातील वातावरण : भाषा शिकण्यासाठी महाग साधने लागत नाहीत. आंघोळ घालताना, भाकरी थापताना, शेताच्या बांधावर बसले असताना जे चालले आहे ते मुलाला सांगत राहणे, त्याच्या हुंकाराला थांबून उत्तर देणे, त्याने ‘गाई’ म्हटल्यावर ‘हो, तांबडी गाई चरते’ असे वाक्य पुरे करून देणे, अंगाईगीते व बडबडगीते म्हणणे, यांतून मुलाला भाषा मिळते. चूक सुधारून ‘पुन्हा म्हण’ असा आग्रह धरण्यापेक्षा योग्य रूप सहज उच्चारून दाखविणे चांगले. पडद्यावरील चित्रे व गाणी मुलाच्या आवाजाला उत्तर देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ वर्ष व त्याखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी तो वेळ दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा. तथापि सर्व विलंबाचे खापर मोबाइलवर फोडून श्रवणाची तपासणी टाळणे, हीदेखील चूकच होय.

वर्धा जिल्ह्यातील परंपरा व सोयी : लहान वयातील शिक्षणाचा विचार या जिल्ह्यात फार पूर्वी झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षण देण्याचा ठराव केला. सेवाग्राम येथे जानेवारी १९४५ मध्ये भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींच्या नई तालीमची व्याप्ती वाढविण्यात येऊन शाळेपूर्वीच्या वयासाठी ‘पूर्व-बुनियादी’ हा स्वतंत्र टप्पा मानण्यात आला. मुलाचे शिक्षण शाळेत नव्हे, तर आईच्या सहवासात सुरू होते, ही त्यामागील धारणा होती. वाचाविकासाचे आजचे शास्त्र या धारणेस दुजोरा देते.

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली; कस्तुरबा रुग्णालय तिच्याशी संलग्न आहे. या संस्थेने युनिसेफ व राज्याची एकात्मिक बालविकास सेवा यांच्यासमवेत विकसित केलेल्या ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडी सेविकांच्या द्वारे, पालक मेळाव्यांतून, तीन वर्षांखालील मुलांशी बोलण्या-खेळण्याचे महत्त्व पालकांना समजावून दिले जाते. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले असून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्यास जोडलेले आहे.

गावपातळीवर मूल प्रथम दिसते ते आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना. २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्तीने मुलाच्या ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांच्या वयात गृहभेट द्यावयाची असते; माता व बाल संरक्षण पत्रिकेत विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष, भाषेतील विलंब व स्वमग्नता यांचा तपासावयाच्या विकारांत समावेश आहे. त्यातील फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते आणि दोष आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने श्रवणदोष, वाचा व भाषा दिव्यांगत्व आणि स्वमग्नता यांस स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. त्यानुसार प्रमाणपत्र मिळाल्यास शिक्षणातील सवलतींचा लाभ घेता येतो.

ही साखळी पुष्कळदा तिच्या पहिल्या कडीपाशी तुटते. पेरणीच्या व कापूस वेचणीच्या हंगामात तपासणीस जाण्याने मजुरी बुडते. मुलाला ‘मुका’ म्हणतील या भीतीने दोष बोलून दाखविला जात नाही. आणि वडीलधाऱ्यांनी ‘थांबा’ म्हटल्यावर आईच्या मनातील शंका मागे राहते. वस्तुतः मुलाच्या बोलण्याविषयी आईला वाटणारी शंका हे तपासणीस पुरेसे कारण आहे, असे बालरोगशास्त्रात मानले जाते. तपासणीअंती श्रवण चांगले निघाले व मूल पुढे आपोआप बोलू लागले, तर गमावले काहीच नसते. श्रवणदोष असूनही वाट पाहिली गेली, तर भाषाग्रहणास सर्वांत अनुकूल असलेला काळ हातचा जातो. म्हणून उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत बोलण्याची वाट पाहता येते, पण कानांच्या तपासणीची वाट पाहू नये, हा नियम पालक व आरोग्यसेवक या दोघांनीही पाळावा.